काल ठीक होती, मग आजच फिट का आली?

माझी मावसबहीण बडोद्याच्या दांडिया बाजारात राहते. तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, सातवीपासून फिट येतात. आता ती एकोणीस वर्षांची आहे. दोन औषधं चालू आहेत, डोस चुकत नाही, तरी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा झटका येतोच. मध्यंतरी तपासणीसाठी तिला बाहेरगावी नेलं होतं. तिथले डॉक्टर म्हणाले की हा मेंदूतल्या एकाच जागेचा आजार वाटत नाही, 'नेटवर्क'चा वाटतो. परदेशात आता पेशंटच्या मेंदूची संगणकावर प्रतिकृती करतात आणि झटका कुठून निघून कुठे जातो ते गणितानं शोधतात, हेही त्यांनी सांगितलं.

बहीण परत आल्यावर थेट माझ्याकडे आली. "तू तीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलंस ना? मग मला एवढंच सांग. परवा ती ठीक होती, काल ठीक होती. आजच का? माझं काय चुकलं?"

त्यानंतर बरेच दिवस मी या विषयावर वाचत होतो. तिच्या प्रश्नाला गणिताकडे खरंच उत्तर आहे. ते तिला जसं समजावलं तसंच इथे मांडतो, कारण असा प्रश्न विचारणारी घरं खूप आहेत. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे.

सगळे एकदम बोलू लागले तर

आपण फिट म्हणतो. जुनी माणसं फेफरं किंवा आकडी म्हणायची. गुजराती शेजारी खेंच म्हणतात, वाई म्हणतात. पुस्तकातलं नाव अपस्मार. या लेखात मी दोनच शब्द वापरणार आहे. एकदा येऊन जातो तो झटका, आणि असे झटके पुन्हापुन्हा येण्याची मेंदूची प्रवृत्ती म्हणजे अपस्मार.

माणसाच्या मेंदूत साधारण ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. काही पेशी शेजारणीला 'उठ' सांगतात, त्या उत्तेजक. काही 'बस' सांगतात, त्या शामक. दोघींचा सतत तोल चाललेला असतो.

शनिवारी संध्याकाळी मांडवीच्या दरवाज्यापाशी उभे राहा. हजार माणसं बोलत असतात. कुणी भाव करतंय, कुणी पोराला हाक मारतंय, कुणी फोनवर आहे. कानावर नुसता एक मंद गलबला येतो. निरोगी, जागा मेंदू तसाच असतो. आता कल्पना करा, त्या हजार माणसांनी एकाच क्षणी 'हो' म्हटलं, थांबली, पुन्हा एकाच क्षणी 'हो' म्हटलं. प्रत्येकाचा आवाज पूर्वीइतकाच आहे, पण मांडवी हादरेल. आणि त्या अवस्थेत बाजार चालणार नाही, कारण कुणाला दुसरं काही बोलताच येत नाही.

झटका असा असतो. लोकांना वाटतं, मेंदूत 'करंट जास्त' झाला. काही पेशी जास्त जोमानं काम करतात हे खरं, पण मुख्य बिघाड आहे तो एकसाथ येण्याचा. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूच्या विद्युतलहरी पहिल्यांदा नोंदवल्या. तीच आजची ईईजी, डोक्याला वायरी लावून कागदावर रेघा काढणारी तपासणी. झटक्यात त्या रेघा उंच होतात, कारण लाखो पेशी एका ठेक्यात येतात.

बडोद्यात राहणाऱ्याला हा ठेका वेगळा शिकवावा लागत नाही. गरब्यात एकात एक रिंगणं फिरत असतात. आतलं रिंगण जरा पुढे गेलं की बाहेरचं नकळत पाऊल उचलतं. कुणी हुकूम देत नाही, तरी अर्ध्या तासात सगळं मैदान एका टाळीवर येतं. १६६५ साली ख्रिस्तियान हायगेन्स यांना हेच दोन घड्याळांत दिसलं होतं. एकाच आधाराला टांगलेले लंबक थोड्या वेळानं आपोआप एकमेकांच्या तालात झुलू लागले. हलका धागा असला तरी तो ताल पोचवतो.

इतक्या पेशींचं गणित करायचं कसं?

१९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी स्क्विड नावाच्या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवर प्रयोग केले आणि एका तंतूतून विजेचा झोत कसा धावतो ते समीकरणांत बसवलं. त्याबद्दल १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण त्यांचं गणित एका पेशीपुरतं होतं. ८,६०० कोटी वेळा ते सोडवायला बसलं तर हाती फक्त आकड्यांचा डोंगर येईल.

पुढची पायरी १९७२ मध्ये विल्सन आणि कोवन यांनी ओलांडली. एकेक पेशी सोडून द्या, ते म्हणाले. एका भागातल्या सगळ्या उत्तेजक पेशींची मिळून एक सरासरी धरा, सगळ्या शामक पेशींची दुसरी. दोन राशी, दोन समीकरणं. पावसाळ्यात आपण बडोद्याजवळच्या आजवा तलावाची पातळी किती फूट झाली ते विचारतो, तलावातले थेंब मोजत नाही. तसंच हे.

समीकरण या शब्दानं दचकू नका. इथे समीकरण म्हणजे एक नियम: आत्ता स्थिती अशी आहे, तर पुढच्या क्षणी ती कुठे सरकेल? तो नियम संगणकाला द्यायचा आणि क्षणामागून क्षण पुढे चालवायचा. याला प्रतिमान किंवा मॉडेल म्हणतात.

'आजच का?' याचं उत्तर आजवात आहे

ऑगस्ट २०२४ चा पूर आठवा. पाऊस पडला, आजवा भरला, विश्वामित्री नदी घराघरात शिरली. त्याआधी तितकाच पाऊस कितीदा पडून गेला असेल, तेव्हा काळा घोड्याच्या पुलावर उभं राहून आपण फक्त पाणी पाहिलं आणि घरी परतलो. पाऊस तोच, मग परिणाम वेगळा का? फरक पावसाआधीच्या पातळीत होता. तळं अर्धं असेल तर चार इंच पाऊस जिरतो. काठोकाठ असेल तर तोच पाऊस गाव बुडवतो.

आणखी एक आठवा. पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी पाणी लगेच उतरलं नव्हतं. ज्या पातळीला पूर आला त्याच पातळीला तो ओसरत नाही, पाणी बरंच खाली जावं लागतं. घरातल्या खटक्याच्या बटणाचंही असंच असतं. ते दाबताना बोट मधल्या रेषेच्या पलीकडे जाईपर्यंत काही होत नाही, मग 'टक' होऊन दिवा लागतो. बंद करायला तितकंच उलट्या बाजूला जावं लागतं. मधल्या पट्ट्यात बटण चालू असू शकतं किंवा बंदही, ते आधी कुठे होतं त्यावर ठरतं.

अपस्माराच्या गणिताचा गाभा मला इथे दिसतो. शांत मेंदू आणि झटक्यातला मेंदू हे दोन वेगळे मेंदू नव्हेत. एकाच यंत्राच्या या दोन शक्य अवस्था आहेत, आणि एक संथ राशी त्याला एकीकडून दुसरीकडे ढकलते. २०१४ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय इथले व्हिक्टर यिर्सा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एपिलेप्टॉर' नावाचं मॉडेल मांडलं. त्यात पाचच राशी आहेत. चार भराभर बदलतात आणि ईईजीवरच्या रेघा काढतात. पाचवी अगदी सावकाश हलते. तिचं इंग्रजी नाव जड आहे. मी तिला 'मुभा' म्हणतो. मेंदूच्या त्या भागाला झटक्याची मुभा या क्षणी किती आहे, ते ती सांगते. प्रत्यक्षात तिच्यामागे पेशींभोवतालच्या द्रवातले क्षार, प्राणवायू, ऊर्जेचा साठा अशा संथपणे बदलणाऱ्या गोष्टी असाव्यात असं मानतात.

ही पातळी सरकत सरकत एका ठिकाणी येते आणि तिथे वाट फुटते. त्याला गणितात बायफर्केशन म्हणतात, आपल्या भाषेत फाटा. फाट्याच्या आधी शांत अवस्था टिकते, फाटा ओलांडला की ती टिकूच शकत नाही. झटका सुरू व्हायचे चार प्रकारचे फाटे आणि संपायचे चार, असे मिळून झटक्यांचे १६ वर्ग गणितानुसार शक्य आहेत, असं त्या गटानं दाखवलं. त्यांतला एक वर्ग सर्वांत जास्त आढळतो आणि त्याची एक खूण आहे: संपत आलेल्या झटक्यात ईईजीवरच्या दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत जातं.

हे सांगितलं तेव्हा बहिणीनं माझा हात धरला. "अरे, हे मला माहीत आहे. आधी हात भराभर उडतात, मग सावकाश, मग एक हिसका, थांबून अजून एक... आणि मग ती मोठा श्वास सोडते. दोन हिसक्यांत अंतर पडायला लागलं की मी समजते, आता थांबणार." बारा-पंधरा झटके तिनं पोरीचं डोकं मांडीवर घेऊन पाहिले असतील. जे समीकरणातून निघालं ते तिनं डोळ्यांनी टिपलं होतं.

दोन भाग आणि मध्ये दोर

आता डॉक्टरांच्या 'नेटवर्क'कडे येऊ. भाचीसाठी मी वहीत एक छोटं उदाहरण मांडलं. आकडे माझे, फक्त समजण्यासाठी घेतलेले.

मेंदूचे दोन भाग घ्या, क आणि ख. फाटा १० वर आहे. कुणाचीही पातळी १० ओलांडली की त्याला झटका. क थोडा आजारी आहे, त्याची स्वतःची पातळी ११. ख निरोगी, त्याची ७. दोघांमध्ये दोर आहे. दोराचा नियम असा, की दोघांतल्या फरकाचा काही हिस्सा वरच्याकडून वजा होतो आणि खालच्याला मिळतो. आणि कुणाला झटका आला की त्याची पातळी उसळून ३० होते.

दोर सैल असेल, म्हणजे फरकाचा दहावा हिस्सा. क ची पातळी ११ वरून १०.६ वर येते, तरी फाट्याच्या वरच. झटका येतो, क ३० वर जातो. ख ला २३ चा दहावा हिस्सा मिळतो, तो ९.३ ला पोचतो आणि थांबतो. झटका एका कोपऱ्यात राहिला. पेशंटला कदाचित फक्त हाताला मुंग्या आल्या, किंवा क्षणभर विचित्र वास आला.

दोर मध्यम असेल, पाचवा हिस्सा. क १०.२ वर येतो, झटका येतोच. पण आता ख ला ४.६ मिळतात, तो ११.६ वर जातो. निरोगी ख सुद्धा पेटला. शुद्ध हरपते, माणूस पडतो.

दोर घट्ट असेल, पाचातले दोन हिस्से. क सुरुवातीलाच ९.४ वर ओढला जातो. झटका सुरूच होत नाही.

भाचीनं वही स्वतःकडे ओढली आणि तिसरी ओळ पुन्हा करून पाहिली. "मामा, म्हणजे शांत शेजारी धरूनही ठेवतो?"

होय. एपिलेप्टॉरच्या मॉडेलमध्ये भाग एकमेकांना जोडताना दोघांतल्या फरकाचाच नियम वापरतात, आणि जोडणी जाते ती संथ 'मुभे'कडे. म्हणून क पेटल्यावर ख त्याच क्षणी पेटेलच असं नाही. त्याची पातळी चढायला वेळ लागतो. झटका हातातून खांद्यात, खांद्यातून तोंडात सरकताना पाहिलेल्यांना हा उशीर ओळखीचा वाटेल. आणि म्हणूनच 'झटका पसरतो ना, मग कापा तो दोर' हे उत्तर नेहमी बरोबर नसतं. कापलेला दोर पेटवणारा होता की धरून ठेवणारा, हे आधी कळायला हवं. माझ्या उदाहरणात दोनच भाग आहेत, तरी वागणुकीच्या तीन तऱ्हा निघाल्या. शंभर भाग असतील तर कुणाचाही अंदाज चुकेल, कितीही अनुभव असो. तिथे मॉडेल लागतं.

संगणकातला पेशंट

औषधं घेऊनही साधारण तीनांतल्या एका पेशंटचे झटके थांबत नाहीत. त्यांतल्या काहींना शस्त्रक्रियेचा पर्याय असतो. तिचा उपयोग होतो हे ठाम सिद्ध आहे. कानशिलामागच्या भागातून निघणाऱ्या झटक्यांवर २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के लोक शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते, फक्त औषधांच्या गटातले ८ टक्के. पण नेमका कोणता तुकडा काढायचा? सगळं तिथे अडतं.

२०१७ मध्ये मार्सेयच्याच गटानं यासाठी एक पद्धत मांडली. पेशंटच्या एमआरआयमधून मेंदूचे भाग पाडायचे. दुसऱ्या प्रकारच्या एमआरआयनं, मेंदूतलं पाणी कुठल्या दिशेनं सरकतंय ते पाहून, भागांमधले दोर शोधायचे. प्रत्येक भागावर एक एपिलेप्टॉर बसवायचा. मेंदूत बारीक तारा घालून नोंदवलेले त्याच पेशंटचे झटके समोर ठेवायचे, आणि कोणत्या भागाची पातळी किती धरली तर संगणकातला झटका खऱ्यासारखा पसरतो, ते शोधायचं. त्यातून तीन गट पडतात: स्वतःहून पेटणारे, शेजाऱ्यामुळे पेटणारे, आणि न पेटणारे. मग संगणकातच एकेक भाग काढून पाहायचा. खऱ्या डोक्याला हात लावण्याआधी.

याचा पेशंटना खरंच फायदा होतो का, ते तपासण्यासाठी फ्रान्समध्ये २०१९ मध्ये मोठी चाचणी सुरू झाली. हे तंत्र आपल्या गावातल्या दवाखान्यात मिळत नाही, आणि भाचीला ते उद्या मिळेल असं मी बहिणीला सांगितलेलं नाही.

पण मेंदू समीकरणात मावतो का?

हा आक्षेप माझ्या मेहुण्यांनी घेतला, आणि तो रास्त आहे. मेंदू पाच राशींत मावत नाही. पण विश्वामित्रीही नकाशात मावत नाही, तरी पुरात कोणती सोसायटी आधी बुडेल ते नकाशा सांगतो. मॉडेलला विचारायचं ते त्याला झेपेल एवढंच. 'हिची स्मरणशक्ती कशी राहील?' हे एपिलेप्टॉरला विचारू नये.

मला स्वतःला दोन उणिवा जास्त बोचतात. एमआरआय दोर दाखवतो, पण निरोप क कडून ख कडे जातो की उलट, ते दाखवत नाही. दुसरी अधिक अवघड आहे: आकड्यांचे दोन वेगवेगळे संच जवळजवळ सारखाच झटका काढू शकतात. कोणता खरा, ते रेघा पाहून ठरत नाही. म्हणून चांगले संशोधक एकच उत्तर देत नाहीत, प्रत्येक भागाबद्दल शक्यता देतात, आणि निर्णय डॉक्टर पेशंटशी बोलून घेतात. तसंच असावं.

मग झटका आधी कळेल का?

घड्याळ लावून नाही. हवामानासारखा, काही जणांना. २०१३ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी १५ पेशंटच्या डोक्यात उपकरण बसवून महिनोन्‌महिने नोंदी घेतल्या. आज धोका जास्त आहे की कमी, असा इशारा काहींच्या बाबतीत चांगला जमला, सगळ्यांच्या नाही. पुढे २०१८ मध्ये दीर्घ नोंदींवरून दिसलं की अनेकांच्या मेंदूत धोक्याची पातळी दिवसाच्या आणि त्याहून लांब, काही दिवसांच्या किंवा आठवड्यांच्या लयीत चढते-उतरते. झटक्यातली 'मुभा' सेकंदा-मिनिटांत हलते. ही त्याहून किती तरी संथ, तिच्या खालची लय.

'माझं काय चुकलं?'

बहिणीला मी हे सांगितलं. त्या दिवशी तू काही केलंस म्हणून झटका आला नाही. तिनं पोरीला ओरडलेलं असतं, किंवा टीव्ही जास्त पाहू दिलेला असतो, आणि मग तेच कारण धरून ती महिनाभर झुरते. पण पातळी काठाला आली असेल तर कुठलाही छोटा धक्का पुरतो, आणि नसेल तर त्याहून मोठा धक्काही जिरतो. शेवटचा थेंब शोधून उपयोग नाही. आपल्या हातात आहे ते पातळी खाली ठेवणं. तिला वर चढवणाऱ्या ज्या गोष्टी डॉक्टर सांगतात, त्यांत चुकलेला डोस, अपुरी झोप आणि ताप पहिल्या ओळीत आहेत. हे मॉडेल वाचून औषध कमी करायचा विचार कुणी करू नये. औषध उत्तेजक पेशींना आवरतं किंवा शामक पेशींना बळ देतं, म्हणजे तळ्यातलं पाणी तेच उपसत असतं.

आणि लपवू नका. पूर्वी अपस्मार हे हिंदू विवाह कायद्यात लग्न रद्द होण्याचं कारण होतं. १९९९ च्या दुरुस्तीनं ते काढलं गेलं. कायद्यातून गेलं, पण घरातून गेलेलं नाही. बहिणीनं सात वर्षं शेजारणीलाही सांगितलं नव्हतं.

आता नवरात्र आलंय, आणि भाचीला गरबा खेळायचाय. डॉक्टरांनी हो म्हटलंय. ईईजीच्या वेळी लुकलुकत्या दिव्याची चाचणी झाली होती, त्यात तिला दिव्याचा त्रास दिसला नाही. तो थोड्यांनाच असतो. अट झोपेची आहे. रात्रीची गोळी वेळेवर, साडेदहाला घरी, आणि सलग दोन रात्री खेळायचं नाही. तिच्या गटातल्या चौघी परवा घरी आल्या होत्या. झटका आला तर काय करायचं, ते तिनं स्वतःच त्यांना शिकवलं. कुशीवर वळवा, डोक्याखाली ओढणी ठेवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरा आला, तर १०८.

"आणि हिसक्यांमधलं अंतर वाढायला लागलं," ती म्हणाली, "की घाबरू नका. मी परत येतेय."